पिपलानीचा नरहर

१

जेवणानंतर मी झोपत नाही. ही सवय फौजेतली नव्हे. फौजेत तर संधी मिळेल तिथे डोळे मिटायला शिकवतात. रिटायर झाल्यावर ती लागली. अमरावतीला दुपारी सगळी कॉलनी घोरत असते तेव्हा मी बूट चढवून बाहेर पडतो, कॅम्प रोडला एक चक्कर मारतो आणि चहाच्या वेळेला परत येतो. चहा माझा मीच करतो. रजनीला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन बरीच वर्षं झाली. ती शहाणी होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला म्हणाली होती, "तुम्ही या घरात अर्धेच असता. उरलेले कुठे ठेवून आलात?" मी म्हटलं, "फौजेत." तिने पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत भोपाळला जुन्या लोकांचा मेळावा होता. बैरागडच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मी तरुणपणी दोन-अडीच वर्षं गाड्यांच्या इंजिनांचं शिकवत होतो. मेळाव्याची बोलावणी दरवर्षी यायची आणि मी दरवर्षी टाळायचो. भोपाळचं नाव काढलं तरी तोंड कडू व्हायचं. त्या वर्षी का गेलो? बरोबरचे लोक एकेक करून संपत चालले होते आणि मला वाटलं, आता राग धरायचा तरी कोणावर.

सकाळी भाषणं झाली, दुपारी मेसमध्ये जेवण झालं. बाकीचे म्हातारे गेस्टरूममध्ये पंख्याखाली आडवे झाले. मी नेहमीप्रमाणे बूट घातले. लालघाटीपर्यंत चालून परत यायचं असं ठरवलं होतं. गेटबाहेर एक ऑटो उभी होती. ड्रायव्हरने विचारलं, "कहाँ चलेंगे, दादा?"

"पिपलानी," मी म्हणालो.

बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

२

पिपलानी म्हणजे मोठ्या कारखान्याची टाउनशिप. बैरागड शहराच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. रविवारी सकाळी मी सिटी बसने शहरात यायचो आणि तिथून भटसुअरमध्ये कोंबून पुढे जायचो. भोपाळी लोक त्या काळ्या, लांब नाकाच्या टेंपोला भटसुअर म्हणत. त्यात बसलं की पँटला ग्रीस लागायचंच. वसुधा दारातच ते बघायची आणि रॉकेलचा बोळा आणून द्यायची.

वसुधा ही शांताराम पाटणकरांची धाकटी बहीण. पाटणकर कारखान्यात फोरमन होते. गणेशोत्सवात त्यांची माझी ओळख झाली. फौजेतला मराठी पोरगा मेसचं राजमा-चावल खातो याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी रविवारचं जेवण लावून दिलं. मी कधी एकटा जायचो, कधी माझा दोस्त विलास ढोबळे बरोबर असायचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आंगण. आंगणात पपईचं झाड. वरण-भात, एखादी उसळ, ताक. जेवण झालं की शांतारामदादा झोपायचे आणि मी नि वसुधा पुढच्या खोलीत रेडिओ लहान करून बोलत बसायचो.

बोलणं पक्कं झालं होतं. साखरपुडा झाला नव्हता, पण दादांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते. तेवढ्यात माझी बदली तेजपूरला झाली. वसुधा आणि दादा मला स्टेशनवर पोचवायला आले होते. पुढच्या सुट्टीत लग्न, असं ठरलं.

तेजपूरहून मी पत्रं पाठवत राहिलो. सुरुवातीला उत्तरं आली, मग थांबली. माझी सुट्टी दोनदा रद्द झाली. विलासची बदलीही पुढे तेजपूरलाच झाली. तो गावी सुट्टीवर गेला आणि परत येताना भोपाळला उतरला. आला तेव्हा मी बराकीच्या दारातच त्याला धरलं.

"वसुधाचं लग्न झालं," तो म्हणाला.

"कोणाशी?"

विलास माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला विचारतोस?"

त्यानंतर त्याने दुसरी बराक मागून घेतली. माझ्याशी तो पुन्हा कधी बोलला नाही. मी समोरून आलो की रस्ता बदलायचा. मला वाटायचं, याचाच काहीतरी हात आहे यात. त्यानेच कोणा नातेवाइकाचं जमवून दिलं असेल. तेजपूरमध्ये एकदा माझं लक्ष नसताना गिअरबॉक्समध्ये हात गेला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याचाही हिशेब मी मनातल्या मनात पाटणकरांच्याच नावावर मांडला.

३

टाउनशिपच्या फाटकाशी मी ऑटो सोडली. चालतच जायचं होतं.

रस्ते तेच होते, पण माणसं नव्हती. पूर्वी शिफ्ट सुटली की हा रस्ता सायकलींनी भरून जायचा. आता दोन्ही बाजूंना रिकामे क्वार्टर्स उभे होते. दारं-खिडक्या काढून नेलेल्या, आत झुडपं उगवलेली, भिंतींवर लाल रंगात फुल्या. निर्लेखित, म्हणजे पाडायला काढलेले, असं काही ठिकाणी लिहिलं होतं. मधूनच एखाद्या क्वार्टरला पडदा दिसायचा, बाहेर कुंड्या, वाळत घातलेले कपडे. रिटायर झालेली काही कुटुंबं भाडं भरून अजून राहतात, असं ऑटोवाला म्हणाला होता.

कोपऱ्यावर दुधाचं बूथ होतं. मी तिथे पाण्याची बाटली मागितली. बूथवाला मोबाइलमध्ये बघत होता. त्याने मान वर केली आणि हसला.

"अंकलजी, बूट-वूट पहन के? सुबह तो चप्पल में आए थे."

मी म्हटलं, "मैं यहाँ का नहीं हूँ."

तो आणखी हसला. थट्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. पाणी देऊन तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

पांढरे केस, थोडी वाकलेली पाठ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. माझ्यासारखे म्हातारे हिंदुस्थानात गल्लोगल्ली आहेत. मी तसं स्वतःला सांगितलं आणि पुढे निघालो. पुढच्या वळणावर एक सरदारीणबाई फाटकाशी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "भाईसाब, घुटना ठीक हो गया? आज तो अच्छा चल रहे हो."

माझा उजवा गुडघा दिवाळीपासून दुखत होता. मी "हाँ जी" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चालताना मी विचार करत होतो. या वयात कोणाचा ना कोणाचा गुडघा दुखतोच. बाई अंदाजाने बोलल्या असतील. पण मग माझ्या लक्षात आलं, मी रस्ता शोधत नव्हतो. एवढ्या वर्षांनी, अर्धी वस्ती पडलेली असताना, मी एकाही वळणावर थांबलो नव्हतो. पाय आपले चालले होते, रोजच्या घरी चालावेत तसे.

४

क्वार्टर उभा होता. शेजारचे दोन्ही पडके. हा मात्र रंगवलेला होता. खिडकीला निळा पडदा. दारावर नावाची पाटी नव्हती.

खरं सांगायचं तर पाटणकरांपैकी कोणी भेटेल असं मला वाटलंच नव्हतं. मला फक्त ते दार बघायचं होतं आणि मनात काहीतरी वाईट बोलून परत फिरायचं होतं. दाराबाहेर पायपुसण्यावर रबरी चपलांचा एक जोड होता. उजव्या चपलेची टाच आतल्या बाजूने झिजलेली. माझ्या सगळ्या चपला तशाच झिजतात.

मी कडी वाजवली.

दार उघडलं ते वसुधाने. वय झालं होतं, केस पार पांढरे, चष्मा. पण तीच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आश्चर्य वाटलेल्या माणसाचा चेहरा असा होत नाही. ज्याची वाट बघून बघून आता ते येणार नाही असं मानलं होतं, ते अखेर आलंच, असा तो चेहरा होता.

"वसुधा," मी म्हणालो. "ओळखलंस का?"

"हळू बोला," ती म्हणाली. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. "आत या. बाहेर नको. लोक बघतील."

पुढच्या खोलीत पंखा फिरत होता. दिवाण, टीव्ही, कोपऱ्यात देवघर. आतल्या खोलीच्या दाराला पडदा. पलीकडे कोणीतरी झोपलेलं होतं. श्वास ऐकू येत होता. श्वास आत घेताना एक बारीक शिटी आणि सोडताना काही नाही.

दिवाणावरची चादर चारी बाजूंनी ताणून खोचलेली होती, कोपरे काटकोनात दुमडलेले. फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवतात तसे.

५

तिने पाणी आणलं. तांब्या-भांडं तिपाईवर ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

"तुझ्या मिस्टरांना उठवू नकोस," मी म्हणालो. इतकी वर्षं जे बोलायचं जमवून ठेवलं होतं ते सगळं तोंडात आलं होतं. "मी फार वेळ बसणार नाही. एकच विचारायचं होतं. मी तिकडे चिखलात पडलो होतो आणि तू इथे कोणाशी लग्न केलंस, एवढं तरी कळवायचं होतंस."

तिने भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

लग्नाचा फोटो होता. काळा-पांढरा, कडांना पिवळा पडलेला. दादा आणि त्यांची बायको मागे उभे. पुढे वसुधा, नऊवारीत, मुंडावळ्या बांधलेली. शेजारी मी.

मी उठून जवळ गेलो. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. माझा भाऊ नाही, माझ्यासारखा दिसणारा चुलत भाऊ नाही. डाव्या भुवईत लहानपणी पडलेली खोक होती. शर्टाच्या खिशाला माझं पेन होतं. हात गुडघ्यांवर ठेवले होते, दहाही बोटं नीट दिसत होती.

"हा कोण आहे?" मी विचारलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

"मी इथे नव्हतो."

"माहीत आहे मला."

फौजेत असताना फसवाफसवीचे प्रकार मी पुष्कळ पाहिले होते. कोणी कोणाच्या नावावर भरती झालेला, कोणी मेलेल्या भावाचा दाखला घेऊन आलेला. मी तेच धरून बसलो. "कोणीतरी तुम्हाला फसवलं," मी म्हणालो. "सेंटरमधला कोणीतरी असेल. त्याला माझी सगळी माहिती असेल."

"अडीच वर्षं तुम्ही आमच्या ताटावर जेवला होतात. दादा फसले असते?" तिचा आवाज अगदी शांत होता. "तुम्हाला गाडीत बसवून आलो आणि पुढच्याच महिन्यात एका रविवारी हे दारात उभे. पँटला ग्रीस. म्हणाले, नोकरी सोडली, आलो. दादांनी कारखान्यात लावून दिलं. पावसाळ्याआधी लग्न झालं. तुमच्या वडिलांना आम्ही तार केली होती, ती पोचलीच नसावी; कोणी आलं नाही. यांनाही त्याचं काही वाटलं नाही."

"माझी पत्रं येत होती की."

"येत होती. हे कामावर गेले की यायची. हे आल्यानंतर पहिलं आलं तेव्हा मला वाटलं, जुनं असेल, टपालात अडकलेलं. मग पुढचं आलं. मी ती चुलीत घातली."

"आणि विलास?"

"विलासभाऊजी आले तेव्हा हे समोरच बसले होते, दिवाणावर. भाऊजींनी पाहिलं आणि तिथेच खाली बसले. नंतर मागच्या आंगणात मला म्हणाले, वहिनी, मी नरहरला तेजपूरला सोडून आलोय. तो तिकडे आहे. मग हा कोण?" तिने पदराने चष्मा पुसला. "मी म्हटलं, भाऊजी, जेवून जा."

आत श्वासाची शिटी चालूच होती.

"तुला कळलं होतं," मी म्हणालो. "आणि तरी तू राहिलीस?"

"तुमची पत्रं आली," वसुधा म्हणाली. "हे स्वतः आले."

"तो काय आहे हे तुला माहीत नाही."

"नाही. कधी विचारलं नाही. चांगलं वागवलं यांनी मला. कधी आवाज चढवला नाही. कारखान्यातून रिटायर झाले, रोज सकाळी दूध आणतात. शहरात मात्र जात नाहीत. तलावापलीकडे तर एकदाही गेले नाहीत. बैरागडचं नाव निघालं की यांना थंडी वाजते." ती पुढे झुकली. "एवढी वर्षं मला एकच भीती होती. दारावर थाप पडली की मी आधी यांच्याकडे बघायचे. तो आला असेल, असं वाटायचं."

तो म्हणजे मी, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

मी उठलो. "मला बघू दे त्याला."

"आत जाऊ नका." तिने माझी बाही धरली. "पाया पडते तुमच्या. यांना काही माहीत नाही. यांना वाटतं, नरहर म्हणजे हेच."

६

आतला श्वास थांबला होता.

खाट करकरली. मग माझा आवाज आला, झोपेने जड झालेला. "कोण आलंय गं?"

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकणं म्हणजे काय, हे टेपवर ऐकणाऱ्यांना वाटतं तसं नसतं. तो आवाज येण्याआधीच, काय येणार ते माझ्या घशाला कळलं होतं.

"कोणी नाही," वसुधा म्हणाली. "अहो, झोपा तुम्ही."

पावलं वाजू लागली. एक नीट, एक जरा ओढत. उजवा गुडघा. मला तेव्हा दाराबाहेर पडता आलं असतं, दार दोन हातांवर होतं. पण मी आयुष्यभर ज्याच्यावर दात खात आलो तो माणूस पडद्यापलीकडे होता आणि मला त्याची गचांडी धरायची होती. त्याला विचारायचं होतं की माझ्या घरात तू काय करतोस. मी मुठी आवळल्या. डाव्या हाताची मूठ कधी पुरती होत नाही.

पडद्याच्या कडेवर एक हात आला. डावा हात. म्हातारा, शिरा वर आलेल्या, नखं स्वच्छ कापलेली. पाचही बोटं होती.

पडदा थोडाच सरकला. आतली खोली अंधारी होती, खिडक्या लावलेल्या. त्या फटीत मला अर्धा चेहरा दिसला. भुवईतली खोक दिसली, एक डोळा दिसला, गालाचा भाग दिसला. चेहरा माझाच होता. पण माझ्या तोंडाच्या कडेला नाकापासून हनुवटीपर्यंत खोल रेघ आहे, रजनी तिला कडूपणाची रेघ म्हणायची; तिथे त्याचा गाल गुळगुळीत होता. या चेहऱ्याला कधी कोणी दुखावलं नव्हतं. सत्तरीतही तो त्या रविवारच्या पोराचाच चेहरा होता, फक्त सुकलेला.

त्या डोळ्याने मला पाहिलं. आणि मी कधीही कोणाच्या डोळ्यांत पाहिली नाही अशी भीती त्यात भरून आली. हात पडद्यावर घट्ट झाला. त्याच्या मागे, गळ्याखाली, जिथे अंग असायला हवं होतं तिथे काय होतं, ते मी नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित आज हे सांगायला बसलो नसतो.

"वसुधा," तो कुजबुजला. "तुला दिसतोय का तो?"

वसुधा माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. चांगलं सरळ, डोळ्याला डोळा देऊन. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती.

"कोण?" ती म्हणाली. "कोणी नाही इथे. स्वप्न पडलं असेल तुम्हाला. चला, चहा टाकते."

तिने पडद्यावरच्या त्या हातावर आपला हात ठेवला आणि त्याला हळूच आत घेऊन गेली. पडदा मिटला. स्वयंपाकघरात पातेलं ठेवल्याचा, नळाचा आवाज झाला. कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसली. ते हसू मला ओळखीचं होतं. रेडिओ लहान करून आम्ही बसायचो तेव्हाचं.

माझ्या खिशात ओळखपत्र होतं. पेन्शनची कागदपत्रं बॅगेत होती. नरहर ठोंबरे मीच, हे मी देशातल्या कुठल्याही कचेरीत सिद्ध करू शकलो असतो. मी त्या खोलीत थोडा वेळ उभा राहिलो. मग दार उघडून बाहेर आलो आणि कडीचा आवाज होणार नाही असं बेतानं लावून घेतलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघालो. रात्रीच्या जेवणाला गेलो नव्हतो. तब्येतीचं कारण सांगितलं. सगळ्यांना ते खरं वाटलं, इतका मी वाईट दिसत होतो.

समोरच्या बाकावर नागपूरच्या एक बाई होत्या, सरोज नावाच्या. मुलीच्या बाळंतपणाला आल्या होत्या भोपाळच्या इंद्रपुरीत. डबा उघडला आणि मला धपाटं दिलं, वर लोणचं. मी नको म्हटलं तरी ऐकेनात. गाडी बुदनीचा घाट उतरत होती. त्या मुलीबद्दल, जावयाबद्दल बोलत होत्या, मी हं हं करत होतो.

"तुमचं कोणी आहे का हो भोपाळला?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हणता येईना.

"आहेत," मी म्हणालो. "घरचीच माणसं. पिपलानीला असतात."

"बरं आहे ना सगळं?"

"हो. बरं चाललंय त्यांचं. सुखी आहेत."

"मग बरं," सरोजबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी एक धपाटं माझ्यापुढे केलं. "आणि मुलंबाळं किती त्यांना?"

गाडी नर्मदेच्या पुलावर आली होती. खाली पाणी उन्हात चकाकत होतं आणि रुळांचा आवाज मोठा झाला होता. बाई उत्तराची वाट बघत होत्या. मुलं आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं. असलीच, तर ती कोणावर गेलीत, तेही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग डबा बंद केला, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकून बसल्या. इटारसी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.